भाकडकाळ कमी-जास्त झाला तर पुढच्या वेताच्या दुधाचा अंदाज कसा बांधावा?

नीराकाठ

नमस्कार मंडळी. फलटण तालुक्यात आमचा संकरित होल्स्टीन गाईंचा गोठा आहे. वडिलांनी प्रत्येक गाईची नोंद वहीत ठेवली आहे. रेतनाची तारीख, आटवल्याची म्हणजे धार बंद केल्याची तारीख, व्यायल्याची तारीख आणि महिन्यातून एकदा मोजलेले दोन्ही वेळचे दूध, असे सगळे त्यात आहे. यंदा पावसाळ्यात मी त्या वह्या संगणकावर उतरवल्या आणि गाय किती दिवस भाकड होती, म्हणजे आटवल्यापासून विण्यापर्यंत किती दिवस गेले, यावरून गट पाडले. ज्या गाई ५० दिवसांच्या आसपास भाकड होत्या त्यांनी पुढच्या वेतात, म्हणजे व्यायल्यानंतरच्या दुधाच्या काळात, सर्वांत जास्त दूध दिलेले दिसते. ६० ते ७० दिवसांचा गट त्यांच्या थोडा मागे आहे आणि ९० दिवसांच्या पुढचा गट फारच मागे पडला आहे.

वडील दोन महिन्यांच्या नियमावर ठाम आहेत. माझ्यासमोर दोन प्रश्न आहेत. या आकड्यांवरून सर्व गाई ५० दिवसांवर आणाव्यात का? आणि आज आटवलेली गाय पुढच्या वेतात साधारण किती दूध देईल, हे आधी सांगता येईल का? मुरघास (हवाबंद साठवलेला हिरवा चारा) किती करून ठेवायचा, पेंडीची उधारी किती उचलायची आणि बँकेचा हप्ता कोणत्या महिन्यात जड जाईल, हे सगळे त्या अंदाजावर अवलंबून आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

गोपालक_शिरोळ

वडील बरोबर सांगत आहेत. गाय सात महिन्यांची गाभण झाली की आटवायची, हा आमच्याकडचाही नियम आहे. शेवटच्या दोन महिन्यांत पोटातले वासरू सर्वांत जास्त वाढते. एकीकडे धार द्यायची आणि दुसरीकडे वासरू वाढवायचे, अशा गाईच्या अंगावर काही उरत नाही. विण्याच्या तोंडापर्यंत पिळलेल्या गाईंची कास नीट भरली नाही आणि चीकही पातळ निघाला, असे आमच्या गोठ्यात पाहिलेले आहे. थोड्या दिवसांच्या दुधासाठी पुढचे सबंध वेत पणाला लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माणदेशी_पशुवैद्य

गोपालककाका, निष्कर्षाशी मी बराच सहमत आहे, पण कारण थोडे वेगळे आहे आणि या चर्चेत ते महत्त्वाचे ठरेल. भाकडकाळ म्हणजे गाईच्या अंगाला विश्रांती, असे आपण समजतो. तसे असते तर भरपूर खुराक देऊन ती विश्रांती भरून काढता आली असती. १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये एकाच गाईचे दोन सड आटवून उरलेले दोन सड विण्यापर्यंत पिळत राहण्याचे प्रयोग झाले. गाय एक, रक्त एक, चारा एक, तरीही व्यायल्यावर सतत पिळलेल्या बाजूने कमी दूध दिले. म्हणजे तोट्याचे कारण कासेच्या आतच आहे.

आटवल्यावर दोन-तीन दिवस कास तट्ट फुगते, मग हळूहळू सैल पडते आणि साठलेले दूध शोषले जाते. गाय गाभण असल्यामुळे ग्रंथींचा सांगाडा मोडत नाही, पण थकलेल्या पेशी झडून त्यांच्या जागी नव्या येतात. अमेरिकेत कापुको आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या कामात भाकड आणि सतत पिळलेल्या गाईंच्या कासेतील पेशींचा एकूण साठा जवळपास सारखाच आढळला, मात्र नव्या पेशी बनण्याचा वेग भाकड गाईंमध्ये बराच जास्त होता. विण्याआधीच्या साधारण तीन आठवड्यांत कास पुन्हा भरू लागते आणि चीक तयार होतो. त्यामुळे चीक पातळ निघाल्याचे काकांचे निरीक्षण मला पटते. अजिबात न आटवलेल्या गाईच्या चिकात प्रतिकारद्रव्ये स्पष्टपणे कमी असतात. चार-पाच आठवडे मिळाले तर चिकाला सहसा धोका नसतो.

राहुरीकर

नीराकाठ, या गाई कितव्या वेताच्या आहेत ते लिहिलेले नाही. पहिल्या वेतातून दुसऱ्यात जाणारी गाय आणि पाचव्या वेताची गाय एकाच गटात असतील तर त्या सरासरीवर विसंबता येणार नाही.

गणकयंत्र

मी संख्याशास्त्र शिकवतो. माझ्या भावाचा गोठा आहे, म्हणून या विषयात मन गुंतलेले आहे. राहुरीकरांचा मुद्दा योग्य आहे आणि त्याहून मोठी अडचण अशी की भाकडकाळाची लांबी गाईंना चिठ्ठ्या टाकून वाटलेली नसते. प्रत्येक गाय अमुक दिवस भाकड राहिली त्यामागे कारण असते आणि तेच कारण पुढच्या वेताच्या दुधावरही परिणाम करत असते.

९० दिवसांच्या पुढच्या गटाकडे पाहा. बहुतेक गाई पुन्हापुन्हा उलटलेल्या, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहिलेल्या असणार. त्यामुळे त्यांचे वेत लांबले, शेवटी दूध तीन-चार लिटरवर आले आणि आपल्याला धार काढणे परवडेना. काही गाई मुळातच लवकर ओसरणाऱ्या असतात. पुढच्या वेतात त्यांनी कमी दूध दिले याचे खापर भाकडकाळावर फोडता येत नाही. त्या आधीपासूनच कमी दुधाच्या होत्या, म्हणून जास्त दिवस भाकड राहिल्या. याउलट, ५० दिवसांच्या गटात अशा गाई येतात ज्या आटवायची वेळ आली तरी पंधरा लिटर देत होत्या आणि आपला हात आखडला. त्या पुढेही चांगल्याच निघणार. फार लहान भाकडकाळाच्या गाईंचे वेगळेच असते. त्यांत जुळे असलेल्या, दिवस भरण्याआधी व्यायलेल्या आणि रेतनाची तारीखच चुकीची लिहिलेल्या गाई जमा होतात.

आणखी एक गोष्ट वहीत दिसणारच नाही. भाकड असताना विकलेली गाय आणि व्यायल्यावर दोन महिन्यांत कास बिघडली म्हणून काढलेली गाय तुमच्या सरासरीतून गळून जाते. उरतात त्या टिकलेल्या गाई, आणि त्यांची सरासरी नेहमी गोठ्याच्या खऱ्या स्थितीपेक्षा चांगली दिसते.

म्हणून तुमचे दोन प्रश्न वेगळे ठेवा. केवळ अंदाज बांधायचा असेल, तर ‘ही गाय ९५ दिवस भाकड आहे’ ही माहिती उपयोगी आहे, कारण ती गाईविषयी बरेच काही सांगून जाते. पण ‘मी हिला ५० दिवसच भाकड ठेवले तर काय होईल’ या प्रश्नाचे उत्तर त्याच तक्त्यातून मिळत नाही. पहिला प्रश्न ओळखण्याचा आहे आणि दुसरा हस्तक्षेपाचा.

नीराकाठ

आपण लिहिले ते वहीशी ताडून पाहिले. ९० दिवसांच्या पुढच्या जवळजवळ प्रत्येक गाईच्या पानावर रेतनाच्या तीन किंवा अधिक तारखा आहेत. ५० दिवसांच्या गटातील गाई बहुतांश तिसऱ्या-चौथ्या वेताच्या आणि आधीच्या वेतातही आघाडीवर असलेल्या निघाल्या. राहुरीकर, आपली शंका खरी ठरली. मग हस्तक्षेपाच्या प्रश्नाचे उत्तर कुठे शोधायचे?

ऱ्हाईनकाठी

मी नेदरलँड्समध्ये वागेनिंगनजवळ राहते आणि दुग्धव्यवसायाशी संबंधित काम करते. येथील विद्यापीठात या विषयावर बरीच वर्षे काम झाले आहे. गाईंना चिठ्ठी टाकून ६०, ३० किंवा शून्य दिवसांचा भाकडकाळ देण्याचे प्रयोग येथे झाले, त्यामुळे गणकयंत्र सांगतात ती अडचण त्यांत उरत नाही.

व्हॅन क्नेगसेल आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. भाकडकाळ आठ आठवड्यांवरून चार-पाच आठवड्यांवर आणला तेव्हा पुढच्या वेतात दिवसाला सरासरी १.४ किलो, म्हणजे सुमारे साडेचार टक्के दूध घटले. गाय अजिबात आटवली नाही तेव्हा घट दिवसाला ५.९ किलो, म्हणजे सुमारे १९ टक्के होती. दुधातील प्रथिने मात्र दोन्ही वेळा थोडी वाढली. व्यायल्यानंतर दूध एकदम उसळत नसल्यामुळे गाईच्या अंगावरची चरबी कमी वितळते आणि कितनबाधेचा (किटोसिस या आजाराचा) धोका कमी होतो. येथील काही शेतकऱ्यांना भाकडकाळ कमी करण्यात रस आहे तो मुख्यतः या कारणासाठी, जास्त दुधासाठी नव्हे.

जुन्या कामात स्वॉन्सन यांचा १९६५ सालचा जुळ्या गाईंवरील प्रयोग मला फार बोलका वाटतो. एकसारख्या जुळ्यांपैकी एकीला दर वेळी ६० दिवस आटवले आणि दुसरीला सतत पिळले. सतत पिळलेल्या बहिणीने दुसऱ्या वेतात आपल्या जुळ्या बहिणीच्या सुमारे ७५ टक्के आणि तिसऱ्या वेतात ६२ टक्के दूध दिले.

गोपालक_शिरोळ

ताई, माहिती उत्तम आहे, पण त्या गाई दिवसाला तीस लिटर देणाऱ्या आहेत. आमच्या गाई वेताला साडेतीन हजार लिटरच्या आहेत, चारा उसाच्या वाढ्यांचा आणि पाणी उन्हाळ्यात टँकरचे. तिथला आकडा इथे जसाच्या तसा कसा चालेल?

गणकयंत्र

गोपालककाकांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. एक उदाहरण मांडतो. समजा, एक गाय विण्याच्या ६० दिवस आधी ९ लिटर देते आणि ३० दिवस आधीपर्यंत ६ लिटरवर येते. आपण तिला ६० ऐवजी ३० दिवसच भाकड ठेवले, तर मधल्या महिन्यात सरासरी साडेसात लिटरने २२५ लिटर दूध जास्त मिळाले.

आता पुढच्या वेतातील तोटा मोजू. दिवसाला १.४ किलो हा आकडा जसाच्या तसा घेतला तर ३०५ दिवसांत सुमारे ४२७ किलो घट होते. २२५ मिळवून ४२७ गमावले, म्हणजे दोनशे लिटरचा तोटा. पण घट टक्क्यांत धरली, तर साडेतीन हजारांच्या साडेचार टक्के म्हणजे अवघे १५८ लिटर जातात आणि हिशोब ६७ लिटरने फायद्यात येतो. गाय तीच आणि प्रयोगही तेच, फक्त घट लिटरमध्ये धरायची की टक्क्यांत, यावर निर्णय उलटतो. कमी दुधाच्या गाईंसाठी टक्क्यांची रीत मला अधिक योग्य वाटते, कारण कासेतील पेशींचे नूतनीकरण हे ज्या त्या कासेच्या क्षमतेच्या प्रमाणात असणार. पण हे माझे अनुमान आहे, आपल्या संकरित गाईंवर ते तपासले पाहिजे.

शिवाय ते २२५ लिटर फुकट येत नाहीत. अडीच लिटरला एक किलो खुराक धरला तर ९० किलो खुराक लागतो आणि दोन वेळची धार काढण्याचे कष्ट वेगळे. ६७ लिटरचा फायदा त्यात संपून जातो. उलट तीच गाय आटवण्याच्या वेळी १६ लिटर देत असेल तर चित्र बदलते. म्हणून केवळ भाकड दिवसांकडे पाहून निर्णय घेऊ नये. आटवण्याच्या दिवशी कासेत किती दूध आहे, हा आकडा माझ्या दृष्टीने दिवसांपेक्षा महत्त्वाचा आहे.

ऱ्हाईनकाठी

याच अडचणीसाठी कोक आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली एक चांगले माप सुचवले. वेत व्यायल्याच्या दिवसापासून मोजण्याऐवजी विण्याच्या ६० दिवस आधीपासून पुढच्या विण्याच्या ६० दिवस आधीपर्यंतचे सर्व दूध एकत्र करायचे आणि मधल्या दिवसांनी भागायचे. ज्या गाईला उशिरा आटवले तिचे जास्तीचे दूध अशा रीतीने तिच्याच खात्यावर जमा होते आणि दोन वेतांमधले अंतर कमी-जास्त झाले तरी तुलना न्याय्य राहते. आपल्याकडे गाय उलटण्याचे प्रमाण पाहता हे माप अधिकच गरजेचे आहे. नीराकाठ, आपल्या वहीत सगळ्या तारखा आहेत, त्यामुळे हे गणित आपल्याला सहज करता येईल.

चंद्रभागा

आमच्याकडे पंढरपुरी म्हशी आहेत. म्हशीला हेच लागू होईल का? आमच्या म्हशी पुष्कळदा आपोआपच आटतात. दूध खारट लागू लागले की आई म्हणते, आता हिला सोडा.

माणदेशी_पशुवैद्य

आईंचे निरीक्षण बरोबर आहे. ग्रंथी बंद होऊ लागल्या की दुधात मीठ वाढते आणि साखर कमी होते, म्हणून चव बदलते. म्हैस गाईपेक्षा महिनाभर अधिक, साधारण ३१० दिवस गाभण असते आणि दोन वेतांमधले अंतरही जास्त असते. त्यामुळे बहुतेक म्हशींना दोन महिन्यांहून अधिक भाकडकाळ आपसूकच मिळतो. तिथे भाकडकाळ कमी करण्याचा विचार करण्याआधी म्हैस वेळेत माजावर येऊन गाभण कशी राहील, हे पाहणे जास्त फायद्याचे आहे. वरील आकडे होल्स्टीन गाईंचे आहेत, ते म्हशींना लावू नयेत.

वैदर्भी

एका मोठ्या गोष्टीचा अजून उल्लेख झालेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते. आमच्याकडे चंद्रपूर-वर्ध्याच्या बाजूला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात जेफ्री डाल आणि सहकाऱ्यांनी गाईंना फक्त भाकडकाळात पंखे आणि पाण्याचे फवारे दिले आणि व्यायल्यानंतर सर्व गाईंना सारखेच ठेवले. भाकडकाळात गारवा मिळालेल्या गाईंनी पुढच्या वेतात दिवसाला काही किलो अधिक दूध दिले आणि तसे निष्कर्ष त्यांच्या अनेक प्रयोगांत आले. गारवा न मिळालेल्या गाई सुमारे चार दिवस लवकरही व्यायल्या. म्हणजे उष्णतेमुळे भाकडकाळ न ठरवताच कमी होतो आणि कासेची वाढही खुंटते. दोन्ही परिणाम एकाच वेळी होत असल्यामुळे, उन्हाळ्यात व्यायलेल्या गाईचे दूध घटले तर ते भाकड दिवसांमुळे घटले असे कोणालाही सहज वाटेल.

आपल्या गोठ्यांत पंखा आणि फॉगर कुठे असतो? दुभत्या गाईंच्या डोक्यावर. भाकड गाय पैसे देत नाही म्हणून ती पत्र्याच्या शेवटच्या टोकाला, शेणाच्या ढिगाशेजारी बांधलेली असते. तिथे दुपारी उभे राहून पाहा, माणसाचा जीव कासावीस होतो. पुढचे वेत नेमके त्याच गाईच्या अंगात घडत असते, याची मला फार खंत वाटते. दिवस ६० ठेवावेत की ४५, यावर वाद घालण्यापूर्वी भाकड गाईंना सावली आणि पाणी द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गोपालक_शिरोळ

वैदर्भीताई, हे शंभर टक्के पटले. आमच्या भाकड गाई पश्चिमेच्या भिंतीला असतात आणि तिथे दुपारनंतर ऊन येते. त्यांची जागा या आठवड्यात बदलतो.

नीराकाठ

आमच्याही गोठ्यात पंखे फक्त दुभत्या ओळीत आहेत. वहीत विण्याचा महिना आहे, तेव्हा तोही हिशोबात घेईन.

आता माझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे पुन्हा वळू का? भाकडकाळ बदलायचा की नाही हे बाजूला ठेवले तरी आज आटवलेल्या गाईच्या पुढच्या वेताचा अंदाज मला हवा आहे. गेल्या वेतात तिने जेवढे दूध दिले तेवढेच पुढे धरावे का?

गणकयंत्र

तेवढेच धरू नये. एका वेतात फार चांगली ठरलेली गाय पुढच्या वेतात सरासरीच्या दिशेने थोडी सरकते, कारण त्या वेतातील तिच्या यशात काही भाग योगायोगाचा असतो. चारा चांगला मिळालेला असतो, आजार झालेला नसतो. एकाच गाईच्या दोन वेतांतील दुधाचे साम्य साधारण ०.५ धरले जाते. म्हणजे गोठ्यातील त्या वेताच्या सरासरीपेक्षा ती जेवढी वर किंवा खाली होती, त्याच्या निम्मा फरक पुढे धरायचा.

उदाहरणार्थ, तुमच्या गोठ्यात पहिल्या वेताची सरासरी ३,००० लिटर आहे आणि एका गाईने ३,६०० दिले. ती ६०० ने वर आहे. दुसऱ्या वेताची सरासरी ३,५०० असेल तर तिचा अंदाज ३,५०० अधिक ३००, म्हणजे ३,८०० लिटर. तिची दोन वेते हाताशी असतील तर दोन्हींतील फरकांची सरासरी काढून तिचे दोन-तृतीयांश धरा, कारण जास्त नोंदींवर जास्त विश्वास ठेवता येतो. मासिक मोजणीवरून ३०५ दिवसांचे दूध काढताना लागोपाठच्या दोन मोजण्यांची सरासरी मधल्या दिवसांनी गुणून बेरीज करा. मध्येच विकलेल्या गाईंची वेते फेकून देऊ नका, जेवढे दिवस मोजले तेवढे त्याच वेताच्या इतर गाईंशी ताडून पाहा.

या अंदाजावर भाकडकाळाची दुरुस्ती शेवटी आणि हलक्या हाताने करावी. ४५ ते ७० दिवसांत मी काहीही वजा करणार नाही. महिनाभराच्या आसपास असेल तर साडेचार टक्के वजा करीन. त्याहून कमी असेल तर आधी कारण शोधीन, कारण जुळ्यांमुळे किंवा अकाली व्यायलेल्या गाईचा तोटा निव्वळ दिवसांच्या हिशोबात बसत नाही.

एक सावधगिरी बाळगा. आटवताना आपल्याला भाकडकाळ माहीत नसतो, फक्त अपेक्षित तारीख माहीत असते. होल्स्टीन गाय सरासरी २८० दिवसांच्या आसपास विते, पण आठवडाभर पुढे-मागे होणे नेहमीचे आहे, आणि गीरच्या रेताने गाभण असेल तर काही दिवस जास्त लागतात. ४५ दिवस ठरवले तरी प्रत्यक्षात ३८ मिळू शकतात. म्हणून ज्याला ४५च्या खाली जायचे नाही, त्याने ५२-५५ दिवसांचा बेत करावा.

राहुरीकर

म्हणूनच रेतनाची तारीख आणि गाभण तपासणी कानातल्या बिल्ल्याच्या बारा अंकी क्रमांकावर ‘भारत पशुधन’ या सरकारी नोंदप्रणालीत नोंदवून घ्यावी, असे मी सर्वांना सांगत असतो. तारीख चुकली तर वरचा सगळा हिशोब चुकतो.

माणदेशी_पशुवैद्य

गाय व्यायल्यानंतर अंदाज सुधारण्याची संधी पुन्हा मिळते, ती सोडू नका. पाचव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास गाय सर्वोच्च दुधावर येते. त्या दिवसाच्या लिटरला साधारण २०० ने गुणले की वेताचा ढोबळ आकडा येतो. पहिलारू गाय कमी उंचीवर जाते पण दूध टिकवून धरते, त्यामुळे तिच्यासाठी हा गुणक थोडा मोठा धरावा. आटवतानाच्या अंदाजावरून मुरघासाची सोय करा आणि दोन महिन्यांनंतरच्या आकड्यावरून खुराकाचा हिशोब ठीक करा.

ऱ्हाईनकाठी

पहिलारू गाईंवरून आठवले. अमेरिकी कृषी विभागाच्या बेल्ट्सव्हिल येथील कुन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली मोठ्या नोंदसंग्रहातून गाईच्या संपूर्ण आयुष्यातील दुधाचा विचार केला. त्यांना पहिल्या वेतानंतर ४० ते ५० दिवस आणि पुढच्या वेतांनंतर ३० ते ४० दिवस सर्वांत लाभदायक दिसले. ३० दिवसांच्या खाली आणि ७० दिवसांच्या वर जाणे त्यांनी टाळायला सांगितले आहे. या नोंदी शेतकऱ्यांच्या गोठ्यांतील होत्या, चिठ्ठी टाकून केलेला प्रयोग नव्हता, त्यामुळे गणकयंत्रांची शंका येथेही काही अंशी लागू होते. पहिल्या वेताच्या गाईला अधिक दिवस लागतात हे मात्र इतर प्रयोगांशीही जुळते, कारण ती स्वतःच अजून वाढत असते.

गोपालक_शिरोळ

मी माझे मत थोडे मोकळे करतो. पहिलारू आणि अंगाने उतरलेल्या गाईला ६० दिवस दिलेच पाहिजेत, यावर मी ठाम आहे. तिसऱ्या वेताच्या पुढची, अंगाने बरी आणि आटवण्याच्या दिवशी बारा-पंधरा लिटर देणारी गाय असेल तर ५० दिवसांना माझी हरकत नाही. तशा गाईला जबरदस्तीने आटवताना कास तडतडते आणि कासदाह होतो, हे मी पाहिलेले आहे.

नीराकाठ

काकांनी सांगितलेल्या गाईंपुरता प्रयोग आमच्याच गोठ्यात करावा, असा विचार आहे. नाणे उडवून निम्म्या ६० दिवसांवर आणि निम्म्या ४५ दिवसांवर ठेवल्या, तर दोन वर्षांत उत्तर मिळेल का?

गणकयंत्र

नाणे उडवण्याची कल्पना योग्य आहे, पण एका गोठ्यातून उत्तर मिळणार नाही. आधीच्या वेताचा हिशोब करूनही गाई-गाईंमधला फरक १५ ते २० टक्के उरतो. त्या गोंधळातून साडेचार टक्क्यांची घट खात्रीने ओळखायची तर प्रत्येक गटात पावणेदोनशे ते तीनशे गाई लागतील. म्हणून तुमच्या दूध संस्थेतील पाच-पंचवीस गोठे एकत्र आणा आणि सर्वांनी एकाच पद्धतीने मासिक मोजणी करावी असे ठरवा. तोपर्यंत अंदाजाची रीत मात्र आजच तपासता येईल. गेल्या वर्षी व्यायलेल्या गाई बाजूला ठेवा, त्यांच्या आधीच्या नोंदींवरूनच अंदाज काढा आणि मग प्रत्यक्ष दुधाशी ताडून पाहा. अंदाज सरासरी किती लिटरने चुकतो ते कळले, की मुरघासात तेवढी ढील ठेवा.

माणदेशी_पशुवैद्य

गोठे एकत्र येणार असतील तर एक गोष्ट सर्वांना आधीच सांगा. आटवताना सडात जी प्रतिजैविकाची ट्यूब सोडतो, ती ठरावीक दिवसांचा भाकडकाळ गृहीत धरून बनवलेली असते. भाकडकाळ त्याहून कमी झाला तर व्यायल्यानंतरच्या दुधात औषधाचा अंश राहू शकतो आणि ते दूध संकलनात जाता कामा नये. वेष्टनावर लिहिलेला किमान भाकडकाळ आणि दूध वगळण्याचे दिवस वाचूनच ४५ दिवसांच्या गटासाठी ट्यूब निवडावी. गाय अपेक्षेपेक्षा लवकर व्यायली तर उरलेले दिवस मोजून तेवढे दिवस तिचे दूध वेगळे काढावे. आपल्या संस्थेची बैठक ठरली की तारीख कळवा, मी येईन.

नीराकाठ

डॉक्टरसाहेब, वडिलांशी बोललो. पहिल्या वेताच्या गाईंना ६० दिवसच ठेवायचे, या अटीवर ते तयार आहेत. बैठक पुढच्या महिन्यातील दूधबिलाच्या दिवशी ठेवतो, म्हणजे सगळे एकत्र भेटतील. मासिक मोजणीचा नमुना कागद तयार करून येथेच देतो. त्यात आटवण्याच्या दिवसाचे लिटर, आटवण्याचे कारण आणि भाकड गाय कुठे बांधली होती, असे तीन रकाने वाढवले आहेत.